बुचांचा खण

लिहितात लिओमिन्स्टर, म्हणतात लेम्स्टर.
मधली अक्षरं गिळून बसलेलं हे गाव
शनिवारी दहाला दुकानांची दारं उघडतं,
आणि आत कुणाकुणाचे मोडलेले संसार
दोऱ्यानं किमतीची चिठ्ठी बांधून मांडलेले.

माझ्या पिशवीत, हेरंबच्या विटक्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला
डिकॅन्टर. बिनबुचाचा.
मानेला तीन कडी, पोटाला पैलू,
आणि ओठाशी, उजेडात तिरका धरला तरच दिसणारा,
कुणीतरी टोकानं कोरलेला आकडा:
अकरा.
अकरा नंबरचं बूच
घर बदलताना माझ्या हातून फुटलं.
हेरंब म्हणाला, जाऊ दे.
मला ते ‘जाऊ दे’ काही जाऊ देता आलं नाही.

डिकॅन्टर कुमुदचा.
तिनं तो चर्चच्या सेलमध्ये घेतला, दोन पौंडांना,
आणि जन्मभर त्यात कोकमाचं सरबत भरलं.
तळाशी अजून एक जांभळट रेघ आहे.
तांदूळ आणि व्हिनेगर घालून मी खळखळवला एकदा,
अर्धी रेघ गेली,
मग थांबले.

प्रॉसरबाई मला ओळखतात आता.
न विचारता खण उपसून टेबलावर ठेवतात.
बुचं. शंभरेक असतील.
चपटी, छत्रीसारखी, लिंबाएवढी,
एक तर हुबेहूब सोललेला कांदा.
प्रत्येकाची बाटली कुठेतरी फुटलेली,
किंवा अजून आहे कुणाच्या फडताळात,
उघड्या तोंडानं.
मी एकेक लावून बघते.
हे अडतं. हे आत घरंगळू पाहतं.
काच काचेला घासली की
दाढेत गार कळ.

हेरंब तिकडे एका उंच कपाटापुढे.
खाली उतरत्या झाकणाचं मेज, वर पुस्तकांची दारं,
जुनी लहरी काच,
तिच्यात त्याचं नाक दोनदा वाकलेलं.
मागून बघा, प्रॉसरबाई म्हणतात.
वरच्या फळ्या ओकच्या, खालच्या पाइनच्या.
धड एका घरचं, डोकं दुसऱ्या.
आमच्या धंद्यात याला मॅरेज म्हणतात.
म्हणून निम्मी किंमत.

हेरंबनं माझ्याकडे बघितलं.
मी बुचांकडे.

बिजवर, म्हणाली होती मावशी फोनवर,
बावन्नाव्या वर्षी, आणि तोही बिजवर!
जणू बाजारातून मी
पिचलेली बरणी उचलून आणली होती.
आणि आठवीत संस्कृतच्या बाई, खडू झटकत:
लग्न म्हणजे नुसतं लागलेलं. चिकटलेलं.
बाकी सगळं वाजंत्री.

दिसतंय छान पण, हेरंब म्हणाला.
दिसणारच, प्रॉसरबाई म्हणाल्या,
शंभर वर्षं एकावर एक उभे आहेत.
मी फक्त लपवत नाही, इतकंच.

कपाट घेतलं नाही.
उगाच अर्थ काढू नका,
आमच्या जिन्याच्या वळणाला ते चार इंच जास्त होतं,
हेरंबनं टेप लावून दोनदा मोजलं,
दुसऱ्यांदा जरा ओढूनच.

बूच घेतलं. सहा पौंड.
खालच्या टोकाला आकडा: चार.
अकरावर चार.
बसतं, पण पुरतं नाही. डुलतं.
मी मानेला दोरा गुंडाळून बघितला, कुरूप दिसला, काढला.
लेस्टरहून आगळ मागवलं,
रविवारी भरलं,
रेघेच्या वरपर्यंत.

रात्री ए-४९ वरून सफरचंदांचे ट्रक जातात,
सायडरच्या कारखान्याकडे,
आणि स्वयंपाकघरात किण, किण.
हेरंब झोपेतच विचारतो, कोण आहे?
कुणी नाही, म्हणते. चार नंबर.
बरं, म्हणतो तो,
आणि कूस बदलतो.